रस्त्याचा हक्क



माजलगावच्या माणसाला पाण्याचा विस्तार नवा नाही. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर उभे राहिलेले धरण आपल्या गावालगतच आहे. तरीही समुद्राची ओढ असतेच. गेल्या हिवाळ्यात एका आजारी नातलगासोबत मुंबईस जाणे झाले, तेव्हा एका पहाटे फज्रची नमाज अदा करून मी मरीन ड्राइव्हवर गेलो.

समुद्रातून सूर्य उगवताना पाहावा, अशी मनीषा होती. पण हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य पाठीमागच्या इमारतींआडून वर येतो. या इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या आहेत. मी कठड्यावर बसून चहा घेतला व मोबाइलने छायाचित्रे टिपू लागलो. इतक्यात झाडू घेतलेले एक वृद्ध सफाई कामगार जवळ आले. माझी टोपी पाहून त्यांनी सलाम केला. मी छायाचित्रांत गुंग होतो. भान आले तेव्हा ते पुढे गेले होते आणि कठड्यावरचा माझा कागदी पेलाही त्यांच्या टोपलीत गेला होता. मी मागे जाऊन सलामचे उत्तर दिले. ते हसले. सलामची भरपाई उशिरा का होईना झाली. पेल्याची मात्र झाली नाही.

मन लगेच वकिली करू लागले : त्यांना पगार मिळतो, पेला उचलणे हे त्यांचे कामच आहे. हा युक्तिवाद आपण सारेच रोज करतो. तो कितपत टिकतो?

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना रस्त्यावर बैठक मांडण्यापासून सावध केले. बोलण्याबसण्यास आम्हाला दुसरी जागा नाही, असे सोबत्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) बसण्याची मुभा दिली, परंतु रस्त्याचा हक्क अदा करण्याच्या अटीवर. नजर खाली ठेवणे, कोणास उपद्रव न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आदेश देणे व वाइटापासून रोखणे, हा तो हक्क.

आता विचार करा. यांतील कोणते कर्तव्य पगार देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येईल? माझ्या वतीने नजर झुकविण्यास किंवा सलामचे उत्तर देण्यास महानगरपालिका माणूस नेमू शकत नाही. मग उपद्रव न देणे तेवढे दुसऱ्यावर कसे सोपविता येईल? पगाराने त्या कामगाराच्या श्रमांचे मोल चुकते होते. माझे कर्तव्य त्याने फिटत नाही.

दुसऱ्या एका हदीसमध्ये ईमानच्या अनेक शाखा सांगितल्या आहेत आणि वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही त्यांतील सर्वांत खालची शाखा म्हटली आहे. खालची म्हणून आपण तिला क्षुल्लक समजतो. वस्तुतः खालच्या फांदीपर्यंत लहान मुलाचाही हात पोहोचतो. म्हणून ती सोडणाऱ्यास सबब उरत नाही. ज्याला तीही धरवत नाही, त्याने वरच्या फांद्यांचा दावा कोणत्या तोंडाने करावा?

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी हाच समुद्र शहराने टाकलेला कचरा लाटांबरोबर कठड्यावरून रस्त्यावर परत फेकतो. कणभर भले आणि कणभर वाईटही माणसाला दाखविले जाईल, ही सूरह जिलजालची ताकीद तेथे उभे राहून आठवली की मन हादरते. आपण टाकलेले नाहीसे होत नाही, केवळ नजरेआड होते.

प्रवासात नमाजची सवलत आहे. चार रकअतींच्या दोन होतात. रस्त्याच्या हक्कात मात्र अशी कपात नाही. उलट परक्या गावी आपण पाहुणे असतो, म्हणून तो अधिक जपावयास हवा.

आणि गावी परतल्यावर? धरणाच्या भिंतीवर, बसस्थानकात, मशिदीच्या दारापुढील रस्त्यावर आपण रोज बसतो. उद्या फज्रनंतर घरी परतताना वाटेवर एखादा दगड, काटा वा काच दिसली, तर क्षणभर थांबा. तो आपलाच हिशेब आहे.