हौशी प्रेक्षकाचा कौल

चित्रपट हा ज्याच्या अभ्यासाचा विषय नाही, पण महिन्या-दोन महिन्यांतून घरच्यांसह चित्रपटगृहात जाऊन परतताना जो आपले मत मोकळेपणाने सांगतो, अशा हौशी प्रेक्षकाच्या अभिरुचीला समीक्षेच्या चर्चेत फारसे स्थान मिळत नाही. हा प्रेक्षक विनोदी चित्रपटातली अशक्य योगायोगांची मालिका आनंदाने मान्य करतो आणि चरित्रपटातला एखादा किरकोळ तपशील चुकला तर नाराज होतो. त्यावरून त्याच्याजवळ निकषच नाही, असे मानले जाते. वस्तुतः त्याच्याजवळ अनेक निकष असतात, आणि कोणता निकष कोठे लावायचा याची जाण हीच त्याची रसिकता होय.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाला 'सिद्धी' म्हटले आहे, आणि सत्ताविसाव्या अध्यायात तिची जी मानवी लक्षणे दिली आहेत, म्हणजे स्मित, मोठे हसू, प्रशंसेचे उद्गार, अंगावरचे रोमांच, ती सारी प्रेक्षकाच्या ठायी दिसणारी आहेत. त्याच अध्यायात असेही मान्य केले आहे की तरुणांना शृंगार, शूरांना युद्ध आणि वृद्धांना पुराणकथा रुचतात, आणि आदर्श प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत. चित्रपटप्रकार, म्हणजे कथानकाची ठरावीक घडण आणि तिच्यातून प्रेक्षकाला दिलेले एक अलिखित वचन, ही कल्पना आधुनिक असली तरी तिचे बीज या विवेचनात आहे. भयपट भीतीचे वचन देतो, प्रहसन हशाचे. ते पाळले गेले की नाही, एवढे हौशी प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासातच ओळखतो.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेची कोपरी, म्हणजे चेंदणी कोळीवाड्याचा शेजार, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत आणि लोकलने कामाला जाणारी नोकरदार मराठी घरे यांनी बनलेली वस्ती, आणि तेथून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा पट्टा या जाणिवेची परीक्षा पाहण्यास विशेष सोयीचा आहे, कारण या भागाच्या जगण्यावर परस्परविरोधी प्रकारांचे चित्रपट निघाले आहेत. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये (२००५) बँकेतला कारकून माधव आपटे रोजच्या लहानसहान अप्रामाणिकपणाला कंटाळून हातात बॅट घेतो, तर आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'मध्ये (२०२२) उंच गृहसंकुल आणि शेजारची तहानलेली झोपडवस्ती यांच्यावर चालत्या-फिरत्या मुडद्यांचे संकट येते. पहिल्या चित्रपटाला येथील प्रेक्षक स्वतःच्या अनुभवाची कसोटी लावतो. फलाटावरची गर्दी खरी वाटते का, दुकानदार छापील किमतीहून जास्त पैसे मागतो तेव्हा राग खरोखर इतका चढतो का, हे प्रश्न त्याला पडतात. दुसऱ्या चित्रपटात मुडदे कसे उठले हे तो फार खोलात विचारत नाही. पण पाण्यासाठीची ओढाताण मात्र त्याला खरी हवी असते, कारण टँकरची वाट पाहणे त्याला ठाऊक आहे. अद्भुताला सूट आणि पाण्याला सूट नाही, हा भेद कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय केलेला असतो, आणि तो अचूक आहे.

चरित्रपटात हीच कसोटी अधिक कडक होते. प्रवीण तरडे दिग्दर्शित 'धर्मवीर: मुक्काम पोस्ट ठाणे' (२०२२) हा आनंद दिघे यांच्या जीवनावरचा चित्रपट इतरत्र एका नेत्याची कथा म्हणून पाहिला जाईल, पण दिघे यांचे निधन २००१ सालचे असल्यामुळे ठाण्यात त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी अजून प्रेक्षागृहात बसते. दिघे साकारणाऱ्या प्रसाद ओक यांची चाल, दाढी, बोलण्याची लकब यांची ती आपल्या आठवणीशी तुलना करते. मात्र ओळख पटल्याचा आनंद आणि चित्रपट चांगला असणे या दोन गोष्टी येथे सहज एक होतात, आणि हौशी प्रेक्षकाच्या निवाड्यातली ही खरी दुर्बलता मान्य केली पाहिजे.

दुसरी मर्यादा अपरिचित प्रकारासमोर दिसते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' न्यायालयीन नाट्याची चढती मांडणी मुद्दाम टाळतो, कॅमेरा लांबवर स्थिर ठेवतो आणि तारखांवर तारखा पडू देतो. त्यामुळे 'काही घडतच नाही' ही तक्रार येते. तक्रार चुकीची असली तरी ती निर्बुद्ध नाही, कारण प्रेक्षकाने मोडलेले वचन बरोबर ओळखलेले असते. ते का मोडले हे सांगणे समीक्षकाचे काम आहे. 'सैराट'ने (२०१६) तर या वचनाचाच विलक्षण उपयोग केला. गाण्यांवर प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले, कारण प्रेमपटाची सगळी आश्वासने नागराज मंजुळे यांनी आधी मनापासून पाळली होती. म्हणूनच ती मोडणारा शेवट असह्य झाला. प्रेमपट पाहून पाहून मुरलेल्या प्रेक्षकावरच तो आघात पूर्ण होतो.

ही जाण एकपडदा चित्रपटगृहांनी, म्हणजे एकाच पडद्यावर आठवड्याला लागेल तो चित्रपट दाखवणाऱ्या टॉकीजनी घडवली. पर्याय थोडे असल्यामुळे एकाच माणसाला पौराणिक, विनोदी, मारधाडीचा आणि कौटुंबिक असे सारे पाहावे लागे. मल्टिप्लेक्समध्ये निवड वाढली, पण तिकीट महागल्याने चौघांचे कुटुंब अनोळखी प्रकाराचा धोका पत्करत नाही, आणि मोबाइलवर तर आधी आवडलेल्यासारखेच पुढे सुचवले जाते. अशा वेळी वृत्तपत्रांनी भयपट, चरित्रपट आणि प्रहसन या सर्वांना पाच ताऱ्यांच्या एकाच पट्टीने मोजणे अधिकच खटकते. परीक्षणाने चित्रपट कोणते वचन देतो आणि ते कुठवर पाळतो एवढे जरी सांगितले, तरी कोपरीतल्या कुटुंबाला कधी न पाहिलेल्या प्रकाराचे तिकीट काढण्यास पुरेसे कारण मिळेल.