थोरांची शैली आणि आपली लेखणी

लेखनाचा ज्याला थोडाबहुत नाद आहे अशा मनुष्याच्या मनांत केव्हां ना केव्हां एक प्रश्न उभा राहिल्यावांचून राहत नाहीं : आपण जें लिहितों तें कोणासारखें आहे? नामांकित ग्रंथकाराच्या पानाशेजारीं आपलें पान ठेवून पाहण्याचा मोह फार जुना आहे, आणि त्याचे परिणाम बहुधा दोन प्रकारचे होतात. साम्य दिसलें तर मनुष्य फुगतो. न दिसलें तर खचतो. हे दोन्ही परिणाम सारखेच निष्फळ आहेत. परंतु तेवढ्यावरून ही तुलनाच त्याज्य होय, असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. तुलना कशाची करावयाची व कोणत्या हेतूनें करावयाची, हा खरा प्रश्न आहे. आणि तो केवळ रसिकतेचा नसून नीतीचाही आहे.

चांगल्या तुलनेचा एक नमुना बेंजामिन फ्रँकलिन याच्या आत्मचरित्रांत सांपडतो. छापखान्यांत उमेदवारी करीत असतां ॲडिसन व स्टील यांच्या ‘स्पेक्टेटर’चा एक सुटा खंड त्याच्या हातीं लागला. त्यांतील निबंध घेऊन प्रत्येक वाक्याच्या आशयाचें तो त्रोटक टिपण करी, कांहीं दिवस तें बाजूस ठेवी, आणि मग मूळ न पाहतां तोच निबंध स्वतःच्या शब्दांत पुरा करून मुळाशीं ताडून पाही. शब्दांचा सांठा अपुरा वाटला तेव्हां त्यानें कथा पद्यांत घातल्या व मूळ विसरल्यावर त्या पुन्हां गद्यांत आणल्या; विचारांचा क्रम साधेना तेव्हां टिपणें मुद्दाम विसकटून तीं पुन्हां जुळविलीं. एकाद्या बारीकशा जागीं मूळ लेखकावर आपण ताण केली, असेंही त्याला कधीं कधीं वाटे. येथें ध्यानांत घेण्यासारखें तें हें कीं, ॲडिसनसारखें दिसावें म्हणून हा उद्योग चाललेला नव्हता. आपला शब्द कोठें तोकडा पडला, आपला क्रम कोठें तुटला, हें तो शोधीत होता. थोर लेखक हा त्यानें आरसा मानला नाहीं, कसोटीचा दगड मानला.

यावर कोणी म्हणेल कीं, अनुकरण तरी एवढें वाईट कां? स्टीव्हन्सनसारख्या कसलेल्या लेखकानें, हॅझलिट, लँब, सर टॉमस ब्राऊन इत्यादिकांची माकडाप्रमाणें नक्कल करीतच आपण लिहावयास शिकलों, असें मोकळेपणानें सांगितलें आहे. तें खरेंच आहे. गवयाचा शागीर्द गुरूच्या ताना गिरवितो, त्यांत कांहींच गैर नाहीं. परंतु रियाज हा घरांत करावयाचा असतो. उसनी लकब वाचकापुढें आपली प्रतीति म्हणून मांडली जाते, तेथून दोषाला आरंभ होतो.

एक उदाहरण कल्पून पाहूं. एकाद्या तरुणाला आपल्या गांवच्या शाळेच्या दुर्दशेवर लिहावयाचें आहे. शिवराम महादेव परांजपे यांचे ‘काळ’ पत्रांतील निबंध त्यानें नुकतेच वाचले असल्यामुळें तो सर्वच उपरोधानें लिहितो. परांजप्यांना उपरोधाची गरज होती. १८९८ सालीं निघालेल्या त्या पत्राला परक्या सरकारच्या डोळ्यांखालीं जें उघड बोलतां येत नव्हतें तें सुचवावयाचें होतें. या तरुणाला कोणी अडविलेलें नाहीं. त्याचा लेख वाचून वाचक हंसतो. पण छप्पर गळतें कीं नाहीं, मास्तर किती आहेत, मुलें कां येत नाहींत, हें त्याला शेवटपर्यंत कळत नाहीं. शैली उसनी घेतली ती अशी विषयाला गिळून बसते, आणि ज्या मुलांकरितां लेखणी उचलली त्यांच्या वाट्याला कांहींच येत नाहीं.

थोरांचा मोठेपणा त्यांच्या लकबींत नव्हे, तर त्या ज्या निकडींतून उत्पन्न झाल्या त्या निकडींत असतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांचीच उदाहरणें घ्या. दोघेही डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, दोघेही इंग्रजी विद्येवर वाढलेले. शास्त्रीबोवांवर मेकॉले व जॉन्सन यांची छाप होती, आगरकरांवर मिल व स्पेन्सर यांची. परंतु १८७४ पासून ‘निबंधमाला’ लिहिणाऱ्या शास्त्रीबोवांना, स्वभाषेची लाज वाटणाऱ्या वाचकाला ताठ उभें करावयाचें होतें; म्हणून त्यांचें वाक्य लांब पल्ल्याचें, आवेशाचें व प्रसंगीं झोंबणारें झालें. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांना त्याच वाचकाला रूढीविरुद्ध विचार करावयास लावावयाचें होतें. म्हणून तें कार्यकारणाची एकेक पायरी चढत जातें. या शैलींची अदलाबदल करा, दोन्ही कार्यें बिघडतील. पुढें ज्यांनीं शास्त्रीबोवांचा उपहास तेवढा उचलला आणि त्यामागची भाषाभक्ति मागें ठेवली, त्यांच्या हातीं केवळ तुसडेपणा उरला.

अलीकडच्या शोधांतूनही याला एक अनपेक्षित पुष्टि मिळते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्यें ‘फेडरलिस्ट’ या नांवानें ८५ निबंध एकाच टोपणनांवाखालीं प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं १२ हॅमिल्टनचे कीं मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. मोस्टेलर व वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तो मॅडिसनच्या बाजूनें सोडविला, आणि तो अलंकार किंवा मोठमोठे विचार पाहून नव्हे, तर अगदीं क्षुल्लक शब्द मोजून. ‘अपॉन’ हें साधें अव्यय हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारें तीन वेळां वापरतो. मॅडिसनच्या लेखणींतून तें क्वचितच येतें. म्हणजे ज्याकडे लेखकाचें स्वतःचें लक्ष नसतें, तेथेंच त्याची खूण उमटते. नक्कल करणारा जें उचलतो तें वरचें वस्त्र. हाडपेर त्याचें त्याचेंच राहतें. मग ‘माझी शैली माझीच दिसेल ना?’ ही चिंता व्यर्थ आहे. ती दिसणारच, प्रश्न आहे तो ती प्रामाणिक असेल कीं नाहीं, हा.

मात्र यावरून आळशी लेखकानें समाधान मानूं नये. ‘आमची शैली आमची, तिला तुलना कशाला?’ असें म्हणणारा फ्रँकलिनचे श्रम चुकवूं पाहतो. थोरांशीं तुलना अवश्य करावी. परंतु ती त्यांच्या शब्दांशीं नव्हे, त्यांनीं शब्दांसाठीं घेतलेल्या कष्टांशीं करावी. त्यांना जेवढें दिसलें तेवढें त्यांनीं लिहिलें. आपणांस जेवढें दिसलें तेवढें आपण लिहिलें काय, कीं न दिसलेलेंही त्यांच्या सुरांत गाऊन टाकलें? आपलें वाक्य कोणासारखें वाटतें हें वाचकानें खुशाल ठरवावें. त्यांतील प्रत्येक विशेषणाला आपण जामीन राहूं शकतों कीं नाहीं, हें मात्र आपल्यावांचून दुसऱ्या कोणालाही ठरवितां येणार नाहीं.