सूड प्रेमाच्या नावाने येतो



पवित्र शास्त्रात सुडाची बढाई मारणारा पहिला माणूस म्हणजे काइनाच्या वंशातला लामेख. मला जखम करणाऱ्याला मी ठार केले, माझा सूड सत्त्याहत्तर पटीने घेतला जाईल, असे तो आपल्या बायकांना सांगतो. पुढे पेत्राने प्रभू येशूला विचारले, भावाला कितीदा क्षमा करायची, सात वेळा का? प्रभूने त्या सातांची सत्तर पट केली. लामेखाने आकडा सुडासाठी वाढवला, प्रभूने तो क्षमेसाठी वाढवला. आपल्या घरात यांपैकी कोणाचा पाढा म्हटला जातो?

आपल्या काही तरुणांना 'द लास्ट ऑफ अस' हा व्हिडिओ गेम माहीत आहे. त्याचा पहिला भाग २०१३ साली आला, दुसरा २०२० साली. खेळ हिंसक आहे, लहान मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. पण त्याची गोष्ट आपण मोठ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. एका रोगाच्या साथीने जग उद्ध्वस्त झाले आहे. एली नावाच्या मुलीच्या शरीरातून त्या रोगावर लस मिळेल अशी डॉक्टरांना आशा आहे. मात्र शस्त्रक्रियेत ती मरणार. तिला लेकीसारखी मानणारा जोएल डॉक्टरला मारून तिला वाचवतो. तो पापी की प्रेमळ बाप? उत्तर सोपे नाही. दुसऱ्या भागात त्या डॉक्टरची मुलगी ॲबी जोएलला ठार करते आणि एली तिच्या मागावर निघते.

इथपर्यंत खेळणारा एलीच्या बाजूने असतो. मग अर्ध्यावर खेळ त्याला ॲबीच्या जागी उभे करतो. जिला मारायला आपण निघालो, तिचाही बाप मारला गेला होता, तिचेही मित्र होते, हे त्याला दिसू लागते. आधी एली होऊन ज्या कुत्रीला मारले, तिच्याशीच आता ॲबी होऊन चेंडू खेळावा लागतो. शेवटी एली ॲबीला पाण्यात बुडवता बुडवता सोडून देते. पण तोवर तिची दोन बोटे गेली आहेत. जोएलने शिकवलेली गिटार आता तिला नीट वाजवता येत नाही, आणि ती परतते तेव्हा घर रिकामे आहे. ज्याच्या आठवणीसाठी सूड घ्यायचा, त्याची आठवणच सुडाने हिरावून नेली.

बंधुभगिनींनो, सूड राक्षसाचे तोंड घेऊन दारात येत नाही. तो माझ्या बापासाठी, माझ्या भावासाठी, माझ्या लोकांसाठी असे म्हणत येतो. म्हणूनच तो ओळखू येत नाही.

मोर्णेकाठचे आपले जुने शहर यातून गेले आहे. १३ मे २०२३ रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून येथे दोन गट भिडले. दगडफेक झाली, वाहने जाळली गेली, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले, एका माणसाचा जीव गेला, जमावबंदी लागली. अशा वेळी जो तो आपली गोष्ट समोरच्याने मारलेल्या दगडापासून सुरू करतो. त्याआधी काय घडले ते कोणी सांगत नाही, आणि समोरच्या घरातली आई त्या रात्री कोणाची वाट पाहत होती हेही कोणी विचारत नाही.

ही साखळी तोडता येते का? अकोल्याहून एके काळी मीटरगेज गाडी ज्या इंदूरकडे जात असे, त्या भागात सिस्टर राणी मरिया ही धर्मभगिनी गोरगरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवीत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंहने बसमधून जाताना तिची हत्या केली. २००२ साली तिची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईने, आपल्या लेकीचे रक्त लागलेले त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. खून हा खूनच होता, न्यायालयाने त्याला शिक्षाही दिली. क्षमा म्हणजे अपराधाला अपराध न म्हणणे नव्हे. त्याचा हिशेब आपल्या हाताने न चुकवणे होय. त्या कुटुंबाने नुकसान सोसले, पण ते पुढे दिले नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ख्रिस्तसभेने राणी मरियाला धन्य घोषित केले.

आपल्यातही शेताच्या धुऱ्यावरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ आहेत, आणि मिस्सेत शांतीची खूण देताना बाक बदलणारेही आहेत. या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. राग चढवणारा संदेश मोबाईलवर आला, तर तो आपल्यापाशीच थांबवू या. ज्याच्याशी आपले वाकडे आहे, त्याची गोष्ट एकदा त्याच्या तोंडून ऐकू या. आणि मुले काय खेळतात हे त्यांच्या शेजारी बसून पाहू या, 'तू असतास तर काय केले असतेस?' असे त्यांना विचारू या.

हे प्रभो, क्रूसावर तुला खिळणाऱ्यांसाठीही तू पित्याकडे क्षमा मागितलीस. आमच्यापर्यंत आलेले वैर आमच्यापाशीच संपावे एवढे बळ आम्हाला दे. आमेन.