क्षमा कुणाच्या वतीने?

क्षमा हे आपल्या भाषेत पृथ्वीचेही एक नाव आहे. ज्याने कुणी ते ठेवले त्याने पृथ्वीला विचारून ठेवले नसावे. नांगर खुपसला तरी ती बोलत नाही, म्हणून ती क्षमाशील, असा तो हिशेब. घरातल्या बाईला आपण पृथ्वीची उपमा देतो तीही याच हिशेबाने. शाळेच्या भिंतीवर क्षमा हे वीराचे भूषण म्हणून रंगवलेले असते खरे. पण जावाजावांचे भांडण मिटवायची वेळ आली की वडीलधारी माणसे वीराला शोधीत जात नाहीत, धाकट्या सुनेकडे जातात. "तू शहाणी आहेस, तू सोडून दे." ती सोडून देते. दिवाळीत फराळाचे ताट अबोला धरलेल्या घरीही जाते, परत येताना त्यात चार चकल्या येतात, आणि भांडण मिटले असे सर्वांनी समजायचे. ते कशावरून झाले होते याचा उच्चार कुणी करीत नाही.

या रीतीविरुद्ध माझी तक्रार नाही. बहुतेक भांडणे चार चकल्यांच्याच किमतीची असतात. परंतु काही अन्याय त्याहून मोठे असतात. तेथे क्षमा कुणी करायची, कुणाच्या वतीने करायची, आणि कुणी मागितलेली नसतानाही करायची काय, हे प्रश्न फराळाच्या ताटाने सुटत नाहीत. अमेरिकेतल्या दोन मुलींची हकीकत या बाबतीत माझी वाट नेहमी अडवते.

मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरात मिसिसिपी राज्यात रूबी ब्रिजेस जन्मली. पुढे आईबाप पोटासाठी न्यू ऑर्लिन्स शहरात आले. न्यायालयाचा तो निकाल या शहराच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला रूबी सहा वर्षांची व्हावी लागली. १४ नोव्हेंबर १९६० रोजी, म्हणजे आपल्याकडच्या बालदिनाच्याच तारखेला, केंद्र सरकारच्या चार मार्शलांच्या पहाऱ्यात ती विल्यम फ्रांट्झ नावाच्या गोऱ्यांच्या शाळेत शिरली. बाहेरचा आरडाओरडा ऐकून तिला वाटले, आपल्या गावातला मार्डी ग्रा म्हणजे कार्निव्हलच चालला आहे.

या मुलीला तेथे पाठवावे की नाही यावरून तिच्या घरात वाद झाला होता. बाप कोरियाच्या युद्धात लढून आलेला. ज्या देशासाठी लढलो तो आपल्याला बरोबरीने वागवत नाही हे त्याने पाहिले होते, आणि एका शाळेने त्यात फरक पडेल असे त्याला वाटत नव्हते. आई ल्युसिल सव्वीस वर्षांची. तिचे लहानपण शेतात राबण्यात गेले, शिक्षण राहिले ते राहिलेच. तिने हट्ट धरला आणि तो चालवला. आपण आज ल्युसिलचे कौतुक करतो, ते रास्तच आहे. पण बापाचा विरोध भेकडपणाचा नव्हता हेही कबूल केले पाहिजे, कारण त्याची भीती अक्षरशः खरी ठरली. त्याची नोकरी गेली. नेहमीच्या दुकानदाराने किराणा देणे बंद केले. दूर मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कसणारे रूबीचे आजी-आजोबा, ज्यांचा या शाळेशी काडीचा संबंध नव्हता, त्यांना त्या जमिनीवरून हुसकण्यात आले. निर्णय एका पिढीचा, दंड तिच्या आधीच्या पिढीला. पुढे काही वर्षांनी रूबीचे आईबाप विभक्त झाले. संसार काही एकाच कारणाने मोडत नसतात. पण त्या वर्षाचे ओझे या संसारावर पडले नाही असे कोण म्हणेल?

शाळेबाहेरच्या जमावात बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांतल्या कित्येक मुलाबाळांच्या आया होत्या. एकीने लहानशा शवपेटीत काळी बाहुली घालून ती रूबीला दाखवायला आणली होती. दुसरी रोज विष घालून मारण्याची धमकी देई. तेव्हापासून रूबीने फक्त घरचा डबा खावा असे ठरले. गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली होती, एक सोडून सगळ्या शिक्षिकांनी तिला शिकवायला नकार दिला होता. जी तयार झाली ती बॉस्टनहून आलेली बार्बरा हेन्री. एक बाई आणि एक मुलगी, असा तो वर्ग वर्षभर चालला. मीही मास्तरीणच असल्यामुळे एक बारीक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. ही मुलगी आपला डबा न खाता कपाटात लपवीत असे. तिला इतर मुलांबरोबर बसून खायचे होते.

तिला शाळेत कुणी धक्काबुक्की केली नाही, ती एक दिवसही चुकली नाही. एका सकाळी मात्र ती जमावापुढे थांबली आणि तिचे ओठ हलताना बाईंनी खिडकीतून पाहिले. विचारल्यावर ती म्हणाली, मी त्यांच्याशी नाही बोलले, देवाशी बोलले. देवाने या माणसांना क्षमा करावी अशी तिची प्रार्थना होती. ती रोज वाटेत म्हणायची, त्या दिवशी विसरली होती. रॉबर्ट कोल्स या बालमनोविकारतज्ज्ञाने पुढे ही गोष्ट जगाला सांगितली, आणि जगाने ती डोक्यावर घेतली.

ही प्रार्थना सहा वर्षांच्या पोरीच्या मनात आपोआप उगवली नव्हती. भीती वाटली तर प्रार्थना कर, असे तिला आईने सांगितले होते. याच्या जोडीला दुसरा एक प्रसंग ठेवून पाहावा. वर्षअखेरीला शाळेत उरलेल्या दोनचार गोऱ्या मुलांना बार्बरा हेन्रीने भांडून रूबीच्या वर्गात आणवले. त्यांतला एक मुलगा तिला म्हणाला, मला तुझ्याशी खेळता येणार नाही, आईने सांगितले आहे. त्याने काळ्यांना हिणवायचा तो शब्दही उच्चारला. रूबी सांगते की वर्षभर काय चालले होते ते मला त्या क्षणी उमगले, आणि त्या मुलाचा रागही आला नाही. कारण माझ्या आईने कुणाशी खेळू नको म्हटले असते तर मीही खेळले नसते.

एकीला प्रार्थना आईने दिली, दुसऱ्याला विटाळ आईने दिला. दोन्ही मुले सारखीच आज्ञाधारक! आज्ञाधारकपणाला आपण सरसकट सद्गुण म्हणतो. प्रगतिपुस्तकावर मी स्वतः तो शेरा लिहिते. पण आई काय सांगते यावर त्या गुणाचे सगळे मोल ठरते. कुणी म्हणेल, हे अमेरिकेचे झाले. आमच्या वर्गातही, ह्याच्या डब्यातले खायचे नाही असे आई म्हणाली, हे वाक्य मी ऐकलेले आहे. आणि शाळेत निघालेल्या बाईवर शेणमाती फेकण्याचा शोध न्यू ऑर्लिन्सला लागला नव्हता. १८४८ नंतरच्या पुण्यात सावित्रीबाईंनी तो अनुभव घेतला होता. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ही दोन दुखणी नात्यातली आहेत हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता मूळ प्रश्न. त्या मुलाला क्षमा करण्याचा रूबीला पूर्ण अधिकार होता, तिने तो वापरला. पण त्याच्या आईचे काय? आणि जमिनीवरून उठवलेल्या आजीचे काय? आजीच्या शेताची क्षमा नातीने करायची म्हटले तर तो दुसऱ्याच्या पैशाने केलेला दानधर्म होईल. आजी स्वतःचा हिशेब स्वतः मांडील, मांडणारही नाही. मला असे वाटते की सहा वर्षांच्या मुलीची क्षमा जगाला इतकी गोड लागते, ती मागावी लागली नाही म्हणून. शवपेटी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला काहीच करावे लागले नाही.

दुसरी मुलगी मोठी होती, आणि तिची क्षमा जगाला तितकी गोड लागली नाही. ४ सप्टेंबर १९५७ रोजी आर्कान्सा राज्यात लिटल रॉक येथे नऊ काळी मुले गोऱ्यांच्या हायस्कुलात जाणार होती. सगळ्यांनी एकत्र जमायचे ठरले, पण पंधरा वर्षांच्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी टेलिफोन नसल्याने तिला निरोप पोचला नाही. घरी शिवलेला नवा पोशाख घालून ती एकटीच निघाली. जमावाने घेरल्यावर एखादा दयाळू चेहरा शोधताना तिला एक म्हातारी बाई दिसली. चेहरा मायाळू वाटला. पुन्हा पाहिले तेव्हा ती बाई तिच्यावर थुंकली. त्या दिवशीच्या जगप्रसिद्ध छायाचित्रात एलिझाबेथच्या मागे एक गोरी मुलगी तोंड वेंगाडून ओरडताना दिसते. ती हेझल ब्रायन, तीही पंधरा वर्षांचीच.

पाचसहा वर्षांनी हेझलने आपण होऊन फोन करून माफी मागितली. तेव्हा ती आई झाली होती, आणि एक दिवस ते छायाचित्र आपल्या मुलांना क्रमिक पुस्तकात दिसेल हे तिला टोचत होते. कुणी सांगितले नसताना तिने एवढे केले, त्याला मी कमी लेखणार नाही. १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी, दोघी भेटल्या. त्याच छायाचित्रकाराने त्याच शाळेसमोर दोघींचे हसतमुख छायाचित्र काढले. 'समेट' अशा नावाने त्याचे पोस्टर निघाले. काही काळ त्यांची खरी मैत्री झाली, मग ती तुटली. हेझलला झाले ते मागे टाकायचे होते. एलिझाबेथला ते आधी सगळे उच्चारून हवे होते. पोस्टरवर पुढे तिच्या सांगण्यावरून एक चिठ्ठी चिकटवण्यात आली: त्या दुःखाच्या सामाईक काळाची प्रामाणिक कबुली दिल्यावाचून खरा समेट होत नाही, अशा अर्थाची. लोक हळहळले. एवढे जुळले होते, हिने का ताणून धरले? पुन्हा धाकटी सून! ज्यांनी पोस्टर भिंतीवर लावले त्यांना समेट हवा होता तो बघायला.

या दोन्ही छायाचित्रांत एक बाई नाही. पहिल्या दिवशी एलिझाबेथ बसमध्ये चढली ती घरी गेली नाही. अंध-बधिरांच्या शाळेत तिची आई मुलांना कपडे धुण्याचे काम शिकवीत होती, तेथे ती तळघरात उतरली. आई खिडकीपाशी मान खाली घालून उभी होती. रडून झालेले होते. मुलीला पाहताच तिने तिला जवळ ओढले. दोघी काही बोलल्या नाहीत.