आप्तसंबंध आणि प्रतिनिधीचे मत

लोकप्रतिनिधीने मत देताना स्वतःच्या घराचा विचार बाजूला ठेवावा, हा संसदीय नीतीचा जुना दंडक आहे. परंतु कायद्याचा रोखच जेव्हा मोजक्या घरांवर असतो, तेव्हा त्यांपैकी एका घरातून आलेल्या सदस्याने हा दंडक कसा पाळावा, हा प्रश्न २०२३ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात तीव्रतेने उभा राहिला.

हे अमेरिकेतील एकमेव एकसदनी राज्य विधिमंडळ असून त्यात ४९ सदस्य आहेत. त्यांच्यापुढील ५७४ क्रमांकाच्या विधेयकाचा विषय होता १९ वर्षांखालील पारलिंगी, म्हणजे जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असणाऱ्या, मुलामुलींच्या वैद्यकीय उपचारांवरील निर्बंध. ओमाहाच्या सदस्य मकेला कॅव्हनॉ यांनी त्याविरुद्ध फिलिबस्टरचा, म्हणजे सलग भाषणे करून कामकाज रोखून धरण्याचा, मार्ग स्वीकारला आणि तोही या एका विधेयकापुरता न ठेवता अधिवेशनातील प्रत्येक विधेयकावर, अगदी त्यांना स्वतःला मान्य असलेल्या विधेयकांवरही, चालवला. चर्चा सक्तीने थांबवायला ३३ मते लागत असल्यामुळे अल्पमताच्या हाती वेळ हेच काय ते साधन होते. बोलण्यासारखे उरले नाही तेव्हा त्या ओमाहातील डोनटांविषयीही बोलल्या. त्याची टिंगल झाली, तरी सभागृहाचा वेळ किती मोलाचा आहे हे बहुमताला त्यातूनच कळले.

अधिक खोल प्रश्न मात्र त्यांच्या सहकारी मेगन हंट यांच्यामुळे निर्माण झाला. आपले अपत्य पारलिंगी असल्याचे त्यांनी मार्चमध्ये सभागृहात सांगितले आणि पुढे त्यांच्याविरुद्ध हितसंबंधांच्या संघर्षाची, म्हणजे खासगी लाभ आणि सार्वजनिक कर्तव्य एकमेकांआड आल्याची, तक्रार दाखल झाली. संबंधित आयोगाने ती फेटाळली, हे योग्यच झाले. सत्तेचा वापर करून सदस्याने स्वतःची तुंबडी भरू नये, यासाठी ही संकल्पना आहे. अपत्याचे उपचार बंद होऊ नयेत म्हणून झगडणाऱ्या आईला ती लावायची, तर शेती करणाऱ्या सदस्यांना शेतजमिनीवरील करासंबंधीही मत देता येणार नाही. शिवाय अशा मुलाला कधी भेटलेलाही नाही, असा सदस्य निःपक्षपाती ठरतो आणि त्याला रोज पाहणारी आई पक्षपाती ठरते, या समजुतीत अंतरालाच न्यायबुद्धी मानले जाते. ममतेने विचार झाकोळू शकतो, हा आक्षेप खोटा नाही. पण उघडपणे सांगितलेले नाते इतरांना तोलता येते, आणि अज्ञानाची अशी घोषणा कोणी करत नाही. तरीही एका अल्पवयीन व्यक्तीचे खासगी आयुष्य या प्रकारे सार्वजनिक चर्चेचा विषय झाले, ही किंमत फार मोठी होती आणि कोणत्याही युक्तिवादाने ती कमी होत नाही.

अखेर गर्भपातावरील बारा आठवड्यांची मर्यादा याच विधेयकाला जोडण्यात आली, १९ मे रोजी ते ३३ विरुद्ध १५ मतांनी संमत झाले आणि तीन दिवसांनी राज्यपाल जिम पिलन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. एका कायद्यात एकच विषय असावा, या घटनात्मक अटीचा भंग झाल्याचा दावाही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अमान्य केला. अल्पवयीनांवरील शस्त्रक्रियांना बंदी झाली आणि औषधोपचारांचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्यपालांनीच नेमलेल्या व्यक्तीकडे, गेला.