कोणाच्या मुलासाठी?

दसरा उलटला, की आमच्या बीड जिल्ह्यातली खेडी रिती होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसे ऊस तोडायला निघतात. मागे म्हातारी आणि शाळेतली काही पोरे उरतात. त्यांतलीच काही पुढे आयटीआयत माझ्यापुढे येऊन उभी राहतात. मी फिटरचा निदेशक.

सुधारकांना आमचा विसर पडला, असे मात्र म्हणता यायचे नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचविला. १९८६च्या धोरणाने उच्च माध्यमिक मुलांपैकी १९९५पर्यंत २५ टक्के व्यवसाय-शिक्षणाकडे वळवायचे ठरविले; १९९२ साली ती मुदत पाच वर्षे लांबली. २०२०च्या धोरणाने २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायाची ओळख व्हावी, असे म्हटले. टक्का वाढतो, मुदत सरकते, आणि आम्ही चहा पीत परिपत्रक वाचतो. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुताराकुंभाराकडे शिकावे, ही सूचना मात्र मला मनापासून आवडली.

माझी अडचण निराळी आहे. बाप पोराला घेऊन येतो आणि त्याच्यादेखत म्हणतो, "डोकं चालत नाही सर याचं, हाताला काही तरी लावा." आता कानशीने लोखंडाचा तुकडा सपाट करायचा म्हणजे काय? घासायचे, गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, केसाएवढी फट दिसली तर कुठे किती घासायचे ते ठरवायचे, की पुन्हा घासायचे. हे डोक्यावाचून होते, असे म्हणणाऱ्याने एकदा करून पाहावे!

पण हे मी बापाला कोणत्या तोंडाने सांगू? आमच्या खोलीत बसणाऱ्यांपैकी एकाचाही मुलगा आयटीआयत नाही. माझा लातूरला डॉक्टरकीच्या शिकवणीला आहे. त्याला तिथे पाठवताना घरात कोणी धोरण उघडून पाहिले नाही. त्या बापाला निवड कुठली? पोराच्या हाती कोयता येऊ नये, एवढेच त्याचे मागणे. ते पुष्कळदा पुरे होते. चाकणला कंत्राटी का होईना, काम मिळते. म्हणून हा धंदा हलका आहे, असे त्याला सांगणे क्रूरपणाचे, आणि डॉक्टरकीच्या तोडीचा मानतो म्हणणे खोटे.

यंदाही एकाने जाता जाता विचारले, "तुमचा मुलगा काय करतो, सर?" मी सांगितले. तो म्हणाला, "चांगलं आहे," आणि पोराचा हात माझ्या हातात देऊन ट्रकाकडे गेला.