खाटेवर न झोपलेला आजारी



एकाच आळीतली दोन घरे डोळ्यांपुढे आणू या. पहिल्या घरातल्या माणसाची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा तो डायलिसिसला जातो आणि त्याच दिवशी घरी येतो. दुसऱ्या घरातल्या बाईला नैराश्याचा आजार आहे. महिनोन्‌महिने निरनिराळी औषधे घेऊनही तिला गुण आला नाही, म्हणून डॉक्टरांनी चुंबकीय उपचार सुचवला आहे. तीही जाऊन त्याच दिवशी घरी येणार. दोघांचाही मेडिक्लेम आहे. पहिल्याचा क्लेम सहसा मंजूर होतो. दुसरीला मात्र उत्तर मिळू शकते, ‘तुम्ही रुग्णालयात दाखल झालाच नव्हता.’ हा फरक न्यायाचा आहे काय?

आधी उपचार समजून घेऊ. डॉक्टर त्याला ‘टीएमएस’ म्हणतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावर इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली डोक्याच्या बाहेरून मेंदूला चालना देऊन दाखवली. तारेचे वेटोळे डोक्याला टेकवून चुंबकीय ठोके दिले जातात. भूल नाही, चिरफाड नाही. रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. एक बैठक बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची. अशा बैठका आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतात. काहींचे डोके दुखते, क्वचित एखाद्याला फिट येऊ शकते. सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण औषधांनी बरे न झालेल्या अनेकांना त्याचा उपयोग झाला आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. तेथील अनेक विमा कंपन्या आज त्याचा खर्च देतात. मात्र आधी औषधे घेऊन गुण आला नाही, याचा पुरावा मागतात.

आपला कायदा काय सांगतो? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शरीराच्या आजाराला ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर तो मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे, असे त्याचे कलम २१ सांगते. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले. पुढे ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सर्व पॉलिसींत त्याप्रमाणे तरतूद करण्यास बजावले.

मग अडते कुठे? नेहमीच्या मेडिक्लेमला किमान चोवीस तास दाखल होण्याची अट असते. ‘डे केअर’ उपचारांना त्यातून सूट आहे. पण त्यांच्या व्याख्येत भूल देऊन केलेला उपचार अपेक्षित आहे आणि बाह्यरुग्ण विभागात होणारा उपचार वगळला आहे. डायलिसिससारख्या काही उपचारांना पॉलिसीत स्वतंत्र जागा दिलेली असते. नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली. मेंदूत शस्त्रक्रियेने तारा बसवण्याचा उपचार तिच्यात आहे, टीएमएस नाही. म्हणजे भूल नाही, टाका नाही, खाट अडवावी लागत नाही, हे जे या उपचाराचे गुण, तेच विम्याच्या दारात दोष ठरतात!

न्याय म्हणजे सारख्यांना सारखे वागवणे, असे ॲरिस्टॉटलने शिकवले. पण सारखे कशात? खाटेत की गरजेत? चोवीस तासांचा नियम वरवर सर्वांना सारखाच आहे. परंतु एका आजाराला त्यातून वाट काढून दिली आणि दुसऱ्याला दिली नाही, तर अक्षर सारखे राहते आणि न्याय निसटतो.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. विम्याचा पैसा तिच्या खिशातला नसतो. तो तुमच्याआमच्या हप्त्यांचा असतो. महाग उपचार सरसकट मंजूर केले तर हप्ते वाढतील आणि गरीब कुटुंबे विम्याबाहेर पडतील. ही चिंता खरी आहे. म्हणून अटी जरूर असाव्यात: आधी औषधे करून पाहावीत, तज्ज्ञाने लेखी शिफारस करावी. पण अट आजाराच्या गरजेची असावी, खाटेची नव्हे. आणि शेजाऱ्याच्या न दिसणाऱ्या दुखण्यासाठी आपला हप्ता थोडा वाढला, तर आपण कुरकुर करणार आहोत काय? हा प्रश्न कंपनीला नाही, आपल्याला आहे.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण जाणतो. त्याने जखमांवर पट्टी बांधली, उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली आणि आणखी खर्च झाला तर परत येताना देईन, असा शब्दही दिला. त्या माणसाच्या जखमा उघड दिसत होत्या, तरी याजक बाजूने निघून गेला. मग जी जखम दिसतच नाही तिच्यापाशी कोण थांबणार? आम्हीही कबूल करतो: निराश मनाने आलेल्या माणसाला ‘प्रार्थना वाढवा’ एवढेच सांगून आम्ही कधी घरी पाठवले आहे. प्रार्थना हवीच, पण डायलिसिसच्या रुग्णाला आम्ही तेवढेच सांगितले नसते.

म्हणून काही साध्या गोष्टी. विम्याचा अर्ज भरताना मनाचा आजार लाजेपोटी लपवू नका. लपवलेले पुढे क्लेमच्या आड येते. उपचार सुरू करण्यापूर्वी खर्च मिळेल का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार करा आणि तिचे उत्तर पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, तेथे फी लागत नाही. मन फारच खचले असेल तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

आणि आळीतल्या त्या दुसऱ्या घरी या आठवड्यात जाऊन या. पहिल्या घरी नारळपाणी, फळे घेऊन जाणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या घराची बेल फारशी कोणी वाजवत नाही.

आपले धर्मगुरू